जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे पृथ्वीचा अक्ष सरकला म्हणतात, हे खरं आहे का? त्यात आपल्या शेतातल्या बोअरचाही वाटा आहे का?

सरकला, खरं आहे. 2023 ला सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या की-वेऑन सेओ आणि त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यात 1993 ते 2010 मध्ये जगभरात साधारण 2150 अब्ज टन पाणी जमिनीतून उपसलं गेलं, ते शेवटी समुद्रात गेलं आणि त्यामुळे फिरण्याचा ध्रुव (अक्ष जिथं जमिनीतून बाहेर निघतो तो बिंदू) 80 सेंटीमीटरच्या आसपास पूर्वेकडे गेला असा हिशोब आहे. ध्रुव एरवीसुद्धा वर्षभरात काही मीटर इकडेतिकडे डुलत असतो, त्यामुळे ऋतू बदलतील वगैरे काही नाही. या हिशोबात सगळ्यात जास्त भार पडतो तो अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला वायव्य भारत यांचा.

आता ही बातमी मला पाठवली कुणी, तर आमच्या तात्यांनी (सख्खे चुलते), खाली लिहिलेलं, 'बघ, पंजाबवाल्यांनी पृथ्वी हलवली'. वाचून डोकंच फिरलं. कारण हेच तात्या 2016 ला, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात, तीन एकर उसासाठी बोअर पाडायला निघाले होते. आमचं गाव औसा तालुक्यात. मी जिऑलॉजीत एमएस्सी (आता बँकेत आहे, विचारू नका), तेव्हा मी आपला ग्रेस या उपग्रह-मोहिमेचं सांगत बसलो, की 2002 ला दोन उपग्रह सोडले, ते एकामागे एक साधारण 220 किलोमीटरवर फिरत होते (2017 ला बंद झाले), खाली वस्तुमान कमीजास्त झालं की त्यांच्यातलं अंतर केसाहूनही कमी बदलतं आणि त्यावरून जमिनीतलं पाणी किती घटलं ते काढतात, राजस्थान-पंजाब-हरियाणाचं 2002 ते 2008 मध्ये 109 घनकिलोमीटर गेलेलं असंच कळलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, मग आपल्या वावरात कुठं पाणी आहे ते विचार की त्याला. आता ग्रेसला शेकडो किलोमीटरचा पट्टा एकगठ्ठा दिसतो, आमचं वावर काय दिसणार. 'तुझ्यापेक्षा पाणाड्या बरा, तो जागा तरी दाखवतो.' दुसऱ्या दिवशी पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा राहिला, जागा ठरली विहिरीपासून पन्नास पावलांवर.

रात्री नऊला गाडी लागली, तामिळनाडू पासिंगची. आधी मुरूम, मग मांजऱ्या खडक (मऊ, पाणी झिरपणारा), मग काळा पाषाण. 210 फुटाला भुगा एकदम गेरूसारखा लाल आला आणि ओला. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये हा लाल थर असतो, आमच्याकडं खाली पाणी सापडलंच तर अशा सांध्यातच. मी मुठीत घेऊन तात्यांना दाखवला, गोळा वळत होता. म्हणलं दीड इंच पाणी आहे, थांबा इथंच. तात्या म्हणले, दीड इंचात ऊस भिजतो का? मग 400, मग 600, पहाटे 850 फूट, आणि खालून नुसतं पीठ. सकाळी बांधावरचा लिंब, बैलं, तात्यांची टोपी, सगळं राखाडी. लाखाच्या वर गेले, त्यातले अर्धे माझे.

पैशाचं जाऊ द्या. विहीर आजोबांनी 72 च्या दुष्काळात फोडलेली, 45 फूट, होळीपर्यंत पाणी असायचं. 2016 चा पाऊस मागून धो धो झाला, विहीर काठोकाठ भरली, आणि संक्रांतीच्या आत तळ दिसला. रात्री बोअरच्या तोंडाला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज यायचा. वरच्या मांजऱ्यातलं पाणी झिरपून त्या कोरड्या भोकात चाललं होतं, विहिरीला काय राहणार?

तर तुमच्या बोअरचा वाटा. मराठवाड्यात असाल तर नगण्य, कारण पंजाबात गाळाची माती आहे, शेकडो फूट पाणी साठतं, वर्षानुवर्षं उपसता येतं. आपल्या खडकात मुळात साठाच थोडा, एका चांगल्या पावसात भरतो आणि उन्हाळ्यात संपतो. ध्रुव हलवायला आधी पाणी लागतं. पण म्हणून खोल जाऊ नका, 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर म्हणजे 200 फुटांपुढं मनाईच आहे, बघतं कोण ते सोडा. विहिरीचा गाळ काढा, बांधबंदिस्ती करा, आणि घरात कुणी नारळवाल्याला बोलवत असेल तर भांडा, मी भांडलो नाही नीट.

दोन गोष्टी राहिल्या. ते 2150 अब्ज टन मोजून काढलेले नाहीत, मॉडेलचा अंदाज आहे, फक्त तो धरला तरच ध्रुवाचं गणित जुळतं. आणि आमच्या बोअरमध्ये केसिंग (वरच्या भागात घालायचा पाइप) फक्त 20 फूट घातलं, मांजऱ्या उघडाच राहिला, तेवढं बास असं मीच म्हणलो होतो, पैसे वाचवायला. हे तात्यांना अजून सांगितलेलं नाही. आता ते भोक वरून सील करा म्हणून मागं लागलोय, तर म्हणतात राहू दे, त्यातच अजून दोनशे फूट रीबोअर करू.