नदीवरची क्रूझ गाठायची कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डॅन्यूब आणि ऱ्हाईनच्या क्रूझबद्दल येणाऱ्या पत्रांत जहाजावरचे प्रश्न थोडेच असतात. मुंबई सोडल्यापासून जहाजात पाऊल ठेवेपर्यंत काय, यातच सगळ्यांचा गोंधळ होतो, आणि दरवर्षी तोच होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आमचं जहाज डॅन्यूबकाठच्या पासाऊ या जर्मन गावाहून संध्याकाळी ५ वाजता सुटतं. विमान त्याच दिवशी सकाळी ७ ला फ्रँकफर्टला उतरतं, पुढे रेल्वे. एजंट म्हणतो, १० तास हातात आहेत, हॉटेलचा खर्च कशाला?

आदल्या दिवशी पोहोचा. मुळात १० तास तुमच्या हातात नाहीतच. इमिग्रेशन आणि सामान मिळेपर्यंत दीड-दोन तास जातात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेचा भरवसा आणखी कमी. विमानतळाच्याच स्टेशनातून पासाऊला थेट आयसीई (जर्मनीची लांब पल्ल्याची वेगवान) गाडी आहे. ती न्यूर्नबर्ग, रेगेन्सबुर्गमार्गे साधारण साडेचार तास घेते. सगळं वेळेवर झालं तरी दुपारचे दोन वाजले. जहाजात चढण्याची वेळ जहाज सुटायच्या बरीच आधी संपते. म्हणजे उरले फार तर दोन तास, आणि एक गाडी चुकली की तेही गेले.

आता 'जर्मन रेल्वे म्हणजे घड्याळ' या ऐकीव गोष्टीबद्दल. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे वेळेवरच धरतात, तरीही हा आकडा! शिवाय रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग महिनोन्महिने बंद ठेवतात आणि प्रवाशांना बसने नेतात. आपल्या तारखेचं वेळापत्रक तिकीट काढताना आणि निघण्याच्या आठवड्यात, असं दोनदा तपासा.

जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरात जागा आणि वाटेतल्या जलपाशांतून (जहाज वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कोंड्यांतून) जाण्याची वेळ ठरलेली असते. जहाज चुकलंच तर ताबडतोब कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि पुढचं बंदर विचारून घ्या. पासाऊ–लिंझ–व्हिएन्ना रेल्वेमार्ग आहे, त्यामुळे ऑस्ट्रियातल्या लिंझ किंवा व्हिएन्नाला जहाज गाठता येतं, पण बहुधा स्वखर्चाने. विमानाच्या उशिराची युरोपीय भरपाई मिळाली तरी ती विमानापुरती, बुडालेल्या क्रूझच्या दिवसांची नाही. विम्यात चुकलेल्या जहाजाचं कलम आहे का आणि किती तासांच्या उशिरानंतर ते लागू होतं, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. एजंटचं तोंडी आश्वासन धरून चालू नका. लाखो रुपयांची सहल एका रात्रीच्या हॉटेलसाठी पणाला लावायला सांगणाऱ्या एजंटचा मला खरोखर राग येतो.

रेल्वेचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवावं का?

विमानातून उतरल्या दिवशीचं असेल तर नको. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्या चुकीने पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं. तुमचं विमान उशिरा आलं तर सुटत नाही. रेल्वेचा टप्पा विमानाच्याच बुकिंगमध्ये येत असेल तर सर्वांत चांगलं, कारण मग पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. तुमच्या स्टेशनपर्यंत अशी सोय आहे का, ते विमान कंपनीला विचारा. नसेल तर कोणत्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घ्या.

'क्रूझवर विमानभाडं मोफत' ही जाहिरात खरी का?

मोफत काही नसतं. विमानाशिवाय क्रूझचा दर किती, एवढंच विचारा. फरक लगेच कळेल. विमान कंपनी कोणती, थांबा कुठे, किती वेळाचा, हे क्रूझवाले ठरवतात. विमानतळावरून जहाजापर्यंतची गाडीही बहुतेकदा त्यांनी ठरवलेल्या तारखेलाच मिळते. आदल्या दिवशी आलो तर गाडी मिळेल का, याचं उत्तर पैसे भरण्याआधी ईमेलवर घ्या.

व्हिसा कोणत्या देशाचा? एजंट म्हणतो, जिथली अपॉइंटमेंट मिळेल तिथला.

चूक. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाचा. मुक्काम सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश, त्याचा. जहाजावरच्या रात्रीही कोणत्या देशात जातात ते कंपनीकडून लिहून घ्या. जहाज बेलग्रेडला जाणार असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल आणि सर्बियाचे नियम त्यांच्या दूतावासाकडून तपासावे लागतील. अर्ज सहा महिने आधी करता येतो. पंधरा दिवस आधी ही शेवटची मुदत आहे, तोवर थांबू नका.

घरचं साजूक तूप नेता येईल का?

नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. चकली-चिवडा चालेल.

नदीचं पाणी आटलं तर?

तसं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवरच्या काउब गावच्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मापपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. (मापपट्टीचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजाच्या वाटेत पाणी त्याहून जास्त असतं.) पूर आला तर पुलाखालून जहाज जात नाही. अशा वेळी काही टप्पा बसने नेतात, कधी जहाज बदलतात, कधी जहाजात चढण्याचं गावच बदलतं. म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी व पुन्हा आदल्या दिवशी कंपनीला विचारा.

आईचे गुडघे दुखतात. रेल्वे झेपेल का?

जर्मनीत स्टेशनवर हमाल मिळत नाहीत, डब्याला पायऱ्या असतात आणि गाडी मधल्या स्टेशनात दोन-तीन मिनिटंच थांबते. प्रत्येकाला एकट्याने उचलता येईल एवढीच बॅग घ्या. चढ-उताराची मदत रेल्वेकडे आधी नोंदवता येते. आईंची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. एवढा वेळ बसून प्रवास करावा का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना तिकीट काढण्याआधी विचारा.