नवऱ्याचं वय जास्त असेल तर आयव्हीएफवर परिणाम होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ३४, मिस्टरांचं ४७, दोन वेळा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) झालं, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ छान वाढले आणि पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक थांबले, एक ट्रान्सफर झाला, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडला, तोही सातव्या आठवड्यात गेला. मिस्टरांचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, नॉर्मल आला म्हणून त्यांच्याकडे परत कुणी बघितलंच नाही, आणि आता सगळे तुमच्यातच काहीतरी कमी शोधतायत. मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रिऑलॉजिस्ट (लॅबमध्ये गर्भ तयार करून वाढवणारी) आहे, अशा केसेस नेहमी बघते आणि दरवेळी वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हो, नवऱ्याच्या वयाचा फरक पडतो. बायकोच्या वयाइतका नाही, ते मान्यच करायला हवं, कारण स्त्रीबीजं जन्मतः असतात तेवढीच, नंतर नवी बनत नाहीत आणि पस्तिशीनंतर त्यांची क्वालिटी भराभर उतरते. पण "पुरुषाला कसलं आलंय वय, सत्तरीतही बाप होतात लोक" हे जे सर्रास बोललं जातं त्याने जोडप्यांचं नुकसान होतं. पुरुषाचं उतरणं हळूहळू असतं, साधारण चाळिशीनंतर जाणवायला लागतं, आणि ते नेहमीच्या रिपोर्टमध्ये नीट दिसत नाही, खरी अडचण तिथेच आहे.

वीर्य तपासणीत बघतात काय, तर संख्या, हालचाल आणि आकार. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मापाने एका मिलीलीटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के नीट आकाराचे असले की किमान मर्यादा ओलांडली. वयाबरोबर वीर्याचं प्रमाण आणि हालचाल कमी होते, काउंट मात्र बऱ्याचदा ठीकच राहतो. शुक्राणूच्या आतला डीएनए किती तुटलाय हे या रिपोर्टमध्ये येतच नाही. इक्सी करताना, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडताना, मी मायक्रोस्कोपखाली ४०० पट मोठं करून एक एक शुक्राणू निवडते, डोकं गोल-लांबट हवं, मान वाकडी नको, सरळ पोहणारा हवा, पण आत काय तुटलंय ते मलाही दिसत नाही, दिसायला छान असलेला शुक्राणू आतून खराब असू शकतो.

आता तुमचा तिसरा दिवस आणि पाचवा दिवस. पहिले दोन-तीन दिवस गर्भ बीजातल्या साठ्यावरच चालतो, त्याचे स्वतःचे जनुक ४ ते ८ पेशी झाल्या की जागे होतात, म्हणजे वडिलांकडून आलेल्या डीएनएची खरी परीक्षा तिथून सुरू होते. तिसऱ्या दिवशी सुरेख ८ पेशींचा गर्भ असतो, चौथ्या दिवशी त्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटायला हव्यात, पण काहींत त्या तशाच सुट्या राहतात, कडेला बारीक तुकडे जमतात आणि पाचव्या दिवशीही चित्र तेच. असं सारखं होत असेल तर शुक्राणूंकडे बघायलाच हवं. नुसत्या यावरून मिस्टरांवर बोट ठेवता येणार नाही बरं का, बीजाच्या क्वालिटीमुळेही गर्भ असेच थांबतात. चाळिशीपुढच्या वडिलांमध्ये गर्भपाताचं प्रमाण थोडं वाढतं हेही अभ्यासांत दिसलंय.

वयाने हे का होतं, तर शुक्राणू आयुष्यभर नवे बनत राहतात आणि त्यासाठी मूळ पेशी सतत विभागत राहतात, पोथी हाताने पुन्हा पुन्हा उतरवली की कुठे काना सुटतो कुठे मात्रा, तसंच. २०१२ मध्ये आइसलँडच्या अभ्यासात दिसलं की वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळाच्या डीएनएत साधारण २ नवीन बदल जास्त येतात. घाबरू नका, यातले बहुतेक निरुपद्रवी असतात आणि ४७ व्या वर्षी वडील झालेल्यांची बहुसंख्य मुलं ठणठणीत असतात. पण पीजीटी-ए (ट्रान्सफरआधी गर्भाच्या काही पेशी काढून करायची टेस्ट) केलं की सगळं कळेल असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही, ती टेस्ट गुणसूत्रांची संख्या बघते, हे बारीक बदल तिच्यात दिसत नाहीत.

मग करायचं काय? मिस्टरांना पुरुष वंध्यत्व बघणाऱ्या अँड्रॉलॉजिस्टकडे किंवा युरॉलॉजिस्टकडे पाठवा, प्रत्यक्ष तपासणी होऊ दे, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) आहे का ते बघू दे, आणि डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे शुक्राणूतला डीएनए किती तुटलाय याची, टेस्ट करून घ्या. थकवा येतो म्हणून ते टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा जेल घेतायत का हे नक्की विचारा. पन्नाशीकडे आलेल्या पुरुषांना ती घ्यावीशी वाटतात पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूकडून येणारा सिग्नल बंद होतो आणि शुक्राणू बनणंच थांबतं, ताकदीचं औषध समजून घेतलेलं उलटं पडतं. घेत असतील तर डॉक्टरांना सांगूनच बंद करायचं. सिगारेट, तंबाखू बंद, वजन आणि शुगर ताब्यात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि बाहेर यायला अजून काही दिवस लागतात, म्हणून आज केलेला बदल तीन महिन्यांनी दिसतो, मध्ये जोरात ताप येऊन गेला असेल तरी तेवढे दिवस सॅम्पल बिघडलेला असू शकतो. फ्रॅगमेंटेशन जास्त आलं तर सॅम्पल द्यायच्या आधी वीर्य बाहेर न जाऊ देता आठवडाभर थांबण्यापेक्षा एक-दोन दिवसांचंच अंतर ठेवलं तर बरं पडतं का, आणि फारच जास्त असेल तर थेट वृषणातून शुक्राणू घ्यायचे का, हे डॉक्टरांशी बोला.

झिंक, फॉलिक अ‍ॅसिडच्या महागड्या गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका, २०२० मध्ये अमेरिकेतली दोन हजारांवर जोडप्यांची मोठी ट्रायल आली त्यात त्या घेणाऱ्यांमध्ये बाळं जास्त झाली नाहीत.

माझं स्पष्ट मत असं, की मिस्टरांसाठी तीन महिने द्या, पण वर्षभर देऊ नका. तुम्ही ३४ च्या आहात, कमी वयाचं बीज शुक्राणूतले छोटे तुटलेले भाग स्वतः दुरुस्त करतं, ती ताकद आत्ता तुमच्याकडे आहे आणि ती थांबून राहत नाही. क्लिनिककडून दोन्ही वेळच्या आयव्हीएफचा गर्भांचा दिवसवार रेकॉर्ड लेखी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि अँड्रॉलॉजिस्टकडे जाताना सोबत न्या, आणि तुम्हीही बरोबर जा.