आधी फी विचार

बाळा,

तुझा मेसेज मी तीनदा वाचला. सगळ्यात जास्त अडकले ते शेवटच्या ओळीवर: ‘समुपदेशकाकडे जायला हवं हे कळतंय बाई, पण कुठे जायचं आणि परवडेल का, इथेच गाडी अडते.’ हा काही बहाणा नाही. मन आजारी पडलं की शोधाशोध करायची ताकदच आधी जाते. आणि ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दहा फोन लावायला, फॉर्म भरायला, ‘पुढच्या महिन्यात बघा’ हे ऐकून घ्यायला लागतं. हे उलटं आहे आणि त्याचा मला फार राग येतो. म्हणून तुला अजून जमलं नसेल, तर त्यात तुझी चूक शोधत बसू नकोस.

पुढचं लिहिण्याआधी एक सरळ विचारते. गेल्या पंधरा दिवसांत ‘आपण नसतो तर बरं’ किंवा ‘स्वतःला काही करून घ्यावं’ असं मनात आलं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो अशी लोकांना भीती असते, पण तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. एकदा जरी आलं असेल तर हे पत्र इथेच ठेव आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी उचलला नाही तर घरातलं कुणी, एखादी हेल्पलाइन, नाहीतर थेट जवळच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. अशा वेळी फी, वेटिंग लिस्ट, लोक काय म्हणतील यातलं काहीही मोजायचं नाही. एकटं राहायचं नाही. ज्याने इजा होऊ शकेल असं जे काही हाताशी असेल, ते दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यायचं.

तसं नसेल, तर आता सावकाश वाच.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. शाळेत जायचे, शिकवायचे, वह्या तपासायचे. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं. एका मैत्रिणीने कागदाच्या चिठोऱ्यावर एका समुपदेशन केंद्राचा नंबर लिहून दिला होता. तो मी पर्समध्ये तीन आठवडे बाळगला. घडीवरची शाई पुसट होत गेली, आकडा वाचता येईना म्हणून मी तो पुन्हा पेनने गिरवला, पण फोन केला नाही. शेवटी केला तेव्हा पलीकडून ‘बोला’ असा आवाज आला आणि मी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी परत लावला. फी विचारताना घसा इतका कोरडा पडला होता की शब्द फुटेना. त्या बाई म्हणाल्या, ‘पूर्ण फी जमत नसेल तर आमच्याकडे शिकाऊ समुपदेशक बसतात, त्यांची फी अगदी कमी आहे. चालेल का?’

मी ‘चालेल’ म्हणाले, पण मनात खट्टू झाले. वाटलं, पैसे नाहीत म्हणून आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

समोर आली ती माझ्याहून लहान मुलगी. नवी कोरी वही, पेनाचं टोपण सारखं उघडत-मिटत होती. तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, ‘रात्री किती वाजता जाग येते?’ मी म्हटलं, साडेतीन. ‘रोज?’ रोज. ‘मग उजाडेपर्यंत काय करता?’ आणि मी रडायला लागले. सहा महिन्यांत घरच्यांनी, शाळेतल्यांनी ‘कशी आहेस’ शंभरदा विचारलं होतं. पहाटे साडेतीन ते उजाडेपर्यंतचे तास कुणालाच माहीत नव्हते. रोज ठरल्यासारखी अशी फार लवकर जाग येणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. त्या मुलीला ते माहीत होतं, कारण ती नुकतीच शिकून आली होती.

म्हणून तुला पहिली वाट सांगते ती हीच. जिथे मानसशास्त्राचं किंवा समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, अशा अनेक विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना जोडलेलं केंद्र असतं. शिकणारी मुलं तिथे कमी पैशांत, कधी मोफतही, सेशन घेतात. प्रत्येक शिकाऊ समुपदेशकाच्या मागे एक अनुभवी व्यक्ती असते, तिच्याशी तो तुझ्या केसची नियमित चर्चा करतो. म्हणजे एका फीत दोन डोकी तुझ्यासाठी विचार करत असतात. त्या विद्यार्थ्याच्या हातात केसेसही मोजक्या असतात, त्यामुळे तो आदल्या सेशनची टिपणं वाचून येतो. एक अडचण मात्र असते: त्याचं वर्ष संपलं की तो जातो आणि तुला दुसऱ्याकडे सोपवलं जातं. ते कधी होणार हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव.

कमी पैशांची मदत म्हणजे कमी दर्जाची मदत, हा समज तुझ्या डोक्यातून काढावा यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसले. झिम्बाब्वेतल्या हरारे शहराची गोष्ट ऐक. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याचे पैसे नाहीत म्हणून उपचारांना येऊ शकली नाही आणि त्यांनी तिला गमावलं. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. माणूस हॉस्पिटलपर्यंत पोहोचू शकत नसेल तर मदत वस्तीत न्यायला हवी, हे त्यांना उमगलं. २००६ साली त्यांनी वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि तिच्या शेजारी त्रासलेला माणूस. त्याचं नावच पडलं ‘फ्रेंडशिप बेंच’. त्या आज्या ‘डिप्रेशन’ हा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे विचार करकरून डोकं शिणणं. आजी आधी सगळं ऐकून घेते, मग आलेल्या माणसाकडूनच अडचणींची यादी करून घेते, त्यातली एक निवडायला लावते आणि या आठवड्यात त्या एकीचं काय करता येईल एवढंच ठरवते. अशी सहा सेशन्स. २०१६ साली याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. चोवीस दवाखाने, ५७३ माणसं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं शिल्लक होती. बाकावर बसलेल्यांत ते प्रमाण सुमारे १४ टक्के होतं.

त्या आज्यांकडे पदवी नव्हती. त्यांना नीट प्रशिक्षण मिळालं होतं, पाठीशी तज्ज्ञ होते आणि त्या ठरलेल्या वेळी तिथे असायच्या. तू शोधताना या तीन गोष्टी बघ. गुबगुबीत सोफा आणि काचेचं दार बघू नकोस.

बाकीच्या वाटांपैकी सगळ्यात जवळची म्हणजे तुझे नेहमीचे डॉक्टर. त्यांना नुसतं ‘थकवा येतो’ असं सांगू नकोस; झोप, भूक, कशातच रस न वाटणं, सगळं सांग. थायरॉइड मंद झाला, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं, तरी माणूस असाच मलूल होतो, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. त्यांच्याकडून चिठ्ठी मिळाली तर पुढची दारंही लवकर उघडतात. सरकारी हॉस्पिटलात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथला खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. गर्दी असते, वेळ थोडा मिळतो, हे खरं. पण निदान आणि औषधं यासाठी ती जागा चांगली. शिकत असशील तर कॉलेजचा समुपदेशक, नोकरीत असशील तर कंपनीची समुपदेशनाची सोय. ही काही ठरावीक सेशन्सपर्यंत बहुधा मोफत असते, आणि कितीतरी लोकांना ती आहे हेच माहीत नसतं. एचआरला विचार. तिथे काय बोललं जातं ते वरिष्ठांपर्यंत जातं का, हेही आधी विचारून घे.

आणखी एक वाट म्हणजे गटात बसून घ्यायचं समुपदेशन. त्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तू नाक मुरडणार हे मला ठाऊक आहे. सहा-आठ-दहा जणांनी एका प्रशिक्षित व्यक्तीबरोबर बसायचं. फी विभागली जाते म्हणून स्वस्त. पण स्वस्त एवढंच त्याचं मोल नाही. नैराश्य, चिंता, व्यसन, दुःख अशा अनेक त्रासांत गटाचा उपयोग वैयक्तिक थेरपीइतकाच होतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्या मनातलं, जे आपण कुणालाच सांगितलेलं नसतं, ते समोरच्या अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं की छातीवरचा दगड हलतो. तो अनुभव समुपदेशकाशी एकट्याने बोलून येत नाही.

आता फोन. नुसतं ‘माहिती हवी होती’ म्हणू नकोस, ते तुला फॉर्म पाठवतील आणि तू तो भरणार नाहीस. हे कागदावर लिहून समोर ठेव आणि वाचून दाखव: ‘मला समुपदेशन सुरू करायचंय. माझं उत्पन्न कमी आहे. उत्पन्नानुसार फी कमी होते का? पहिली वेळ कधी मिळेल? कुणी आयत्या वेळी रद्द केलं तर मला कळवाल का?’ आणि नाही म्हणाले तर ठेवायच्या आधी एक प्रश्न: ‘मग कमी फीत कोण भेटेल?’ या क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात. नकार देणाऱ्याकडूनच पुढचा पत्ता मिळतो. फी विचारण्यात कमीपणा नाही. समुपदेशकांना हा प्रश्न रोज येतो आणि कितीतरी जण ठरवून काही जागा कमी फीसाठी राखून ठेवतात. पण न विचारणाऱ्याला त्या मिळत नाहीत. दर आठवड्याला परवडत नसेल तर पंधरवड्याने येऊ का, हेही विचार. तीन सेशन्सला सगळी पुंजी घालवून बंद करण्यापेक्षा जे सहा महिने निभेल ते निवड.

नावं नीट समजून घे, नाहीतर चुकीच्या दारात पैसे जातील. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. शिक्षण काय, नोंदणी आहे का, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नकोस. ‘चार सेशन्समध्ये शंभर टक्के बरं करतो’ म्हणणारा, वीस सेशन्सचे पैसे आधी भरून घेणारा, चालू औषधं बंद करायला सांगणारा, यांच्यापासून लांब राहा. औषध सुरू झालं तर लगेच फरक दिसत नाही. नैराश्याच्या गोळ्यांना नीट लागू पडायला चार-सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायची नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

पहिलं सेशन बहुधा पन्नासेक मिनिटांचं असतं आणि त्यातला बराच वेळ प्रश्नांत जातो. कदाचित नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली देतील. गेल्या दोन आठवड्यांत कशाचा किती त्रास झाला, शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. परीक्षेसारखी भरू नकोस. चांगले मार्क मिळवायची तुझी सवय मला माहीत आहे, इथे ती कामाची नाही. नववा प्रश्न मी वर तुला विचारला तोच. खरं उत्तर लिही. तू सांगितलेलं बाहेर जात नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर त्यांना कुणाला तरी सांगावंच लागतं. नेमकं कधी आणि कुणाला, ते आधी विचारून घे, म्हणजे मनात धाकधूक राहणार नाही.

पहिल्या वेळी तार जुळेलच असं नाही. तीन-चार सेशन्स दे. तरीही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं तर त्यांनाच सांग: ‘मला हे जमत नाहीये, दुसरं कुणी सुचवाल का?’ चांगला समुपदेशक दुखावत नाही, नाव सुचवतो. माझंही पुढे एकदा असंच झालं. एकजण माझं बोलणं चालू असताना सारखे फोन बघायचे. मी दोनदा गेले आणि गप्प बसून सोडून दिलं, मग वर्षभर कुठेच गेले नाही. त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं. तू गप्प बसून सोडू नकोस. बोलून सोड.

या आठवड्यात तुला फक्त तीन नावं काढायची आहेत. एक विद्यापीठाचं केंद्र, एक हॉस्पिटल, एक समुपदेशन करणारी संस्था. तेवढंही जमत नसेल तर मला कळव, मी काढून देते. शनिवारी दुपारी माझ्याकडे ये आणि फोन इथून लाव. मी तुझ्या वतीने बोलणार नाही, शेजारी बसेन. फोनवर वाचून दाखवायचा तो कागद आण. पहिल्यांदा ठेवून दिलास तरी चालेल, पुन्हा लावू.

आणि उत्तर लिहिशील तेव्हा ‘बरं आहे’ लिहू नकोस. रात्री किती वाजता जाग येते ते लिही.

तुझ्या,
बाई