गाडीचे प्रश्न : चेन अ‍ॅडजस्टरचा बोल्ट हलेना

प्रश्न : माझी गाडी मिरामारला उघड्यावरच उभी असते. चेन सैल झाली म्हणून बघितलं तर डावीकडचा, चेन ताणणारा अ‍ॅडजस्टर बोल्ट ढिम्म हलत नाही, उजवीकडचा सहज फिरतो. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) अ‍ॅल्युमिनियमचा आहे, बोल्ट एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) पुढे त्यातल्याच आट्यांत बसतो. गॅरेजवाल्यानं एकट्या उजव्या बाजूनं चेन ओढून दिली. डाव्या बोल्टच्या डोक्याचे कोपरे थोडे झिजलेत. – वाचक, पणजी

उत्तर : आधी उजवी बाजू होती तिथे परत आणा. एकाच बाजूनं ओढलं की चाक तिरकं बसतं, स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या चक्राचे) दाते एका अंगानं झिजतात आणि गाडी एका बाजूला ओढते. सैल चेन परवडत नाही हे खरं, पण तिरकं चाक त्याहून वाईट. बोल्ट सुटेपर्यंत गाडी घरीच राहू द्या.

बोल्टच्या तोंडाशी पांढरी पूड दिसतेय का बघा. हे अ‍ॅल्युमिनियमचं गंजणं. खाऱ्या हवेतली ओल लागली की पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. तयार होणारी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, म्हणून आट्यांत पाचर मारल्यासारखा बोल्ट आवळला जातो. नुसता जोर लावला तर पाचर सुटत नाही, बोल्ट तुटतो. पान्याला पाईप लावायचा मोह इथेच आवरा.

मागचं चाक काढा. बहुतेक जण हे टाळतात आणि बाजूनं उघडा पाना तिरका घालतात. तुमचे कोपरे त्यानंच गेले असणार. एक्सल आणि त्याचा ठोकळा बाजूला झाला की बोल्टचं डोकं मागून समोरासमोर दिसतं. सहा कोनांचा बॉक्स पाना हलक्या हातानं ठोकून बसवा, बारा कोनांचा नको. झिजलेल्या डोक्यावर तो सटकतो.

तारेच्या ब्रशनं उघडे आटे आणि लॉकनटची (बोल्ट जागेवर आवळून धरणाऱ्या नटाची) कड घासून घ्या. मग गंज सोडवणारं तेल. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला केलेलं आहे, किरकोळ गंजाला चालेल. इथे त्याच कामाचा खास स्प्रे घ्या. नाहीतर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समभाग, वापरताना दर वेळी हलवून. हे मिश्रण पेट घेतं आणि रंग खातं, तेव्हा जपून. खोबरेल नको, ते आत शिरत नाही. भोक आडवं असल्यानं तेल ओघळून जातं, म्हणून घट्ट कणकेची छोटी वाटी बोल्टच्या तोंडाखाली चिकटवून त्यात तेल साठवा. रात्रभर राहू द्या, मधूनमधून भर घाला. ब्रेकची डिस्क आणि पॅड कापडानं झाका. तेलाचा एक थेंब पॅडवर पडला की पॅड बदलावे लागतात.

सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दहा-पंधरा हलके ठोके द्या. जोरात नको, पूड तडकली की पुरे. मग आधी लॉकनट : डोकं एका पान्यानं धरून नट दुसऱ्यानं सोडवा, नाहीतर नटाबरोबर बोल्टही पिळला जातो. नट सुटल्यावर बोल्ट पहिल्यांदा *आवळायच्या* दिशेनं किंचित ढकला, घड्याळाच्या काट्याचा एक मिनिट सरकेल इतकाच. मग उलटा. हलला की अधाशासारखा फिरवत सुटू नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, थोडं तेल, पुन्हा. कुरकुर वाढली की परत आत घ्या, कारण सुटलेली पूड पुढच्या आट्यांत साठते आणि अर्ध्यावर आलेला बोल्ट तिथेच अडकून तुटतो.

तरी नाहीच, तर उष्णता. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतीचा स्विंगआर्म तापवायचा. आधी सांडलेलं तेल आणि अ‍ॅसिटोन पूर्ण पुसा, चेन दूर करा, एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी बाजूला बांधा. हॉट एअर गन वापरा. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की थांबा. गॅसचा टॉर्च नको : अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही आणि जास्त तापलं की त्याची ताकद जाते. गरम असतानाच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आत ओढलं जातं. मग वर सांगितल्याप्रमाणे आतबाहेर.

प्रश्न : आमचा बोल्ट स्विंगआर्मच्या पातळीवरच तुटला. एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार) लावू का? – वाचक, मडगाव

उत्तर : लगेच नको. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला शिवत नाही, आणि मग काम दहापट महाग. टोक जरा जरी बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेनंच निम्मं काम होतं. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) कनेक्टर काढायला विसरू नका.

सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा आणि उलट्या दिशेनं कापणारं, म्हणजे डाव्या हाताचं, ड्रिल वापरा. बरेचदा ड्रिल करतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. एम ८ बोल्टला ३, मग ५, मग ६.५ मिलिमीटर. ड्रिल मध्य सोडून गेलं तर मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे घसरतं आणि आटे जातात. गेलेच तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवता येतं, ते मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतं. हात स्थिर नसेल तर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांकडे न्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेला बोल्ट त्यांना नवा नाही.

प्रश्न : स्प्लेंडर आहे, एक्सलभोवती गोल कडी आणि मागे नट. नट गंजून बसलाय. – वाचक, पेडणे

उत्तर : यात दुःख कमी. एक दिवस तेल देऊन बघा, नाहीतर नट हॅकसॉ ब्लेडनं किंवा ग्राइंडरनं एका बाजूनं चिरा. अ‍ॅडजस्टरची जोडी स्वस्त मिळते, तिच्यासाठी वेळ घालवू नका. दोन्ही बाजूंच्या नव्याच बसवा.

प्रश्न : नवा बोल्ट बसवताना काय लावावं? स्टेनलेसचा घेऊ का? – वाचक, म्हापसा

उत्तर : स्टेनलेसनं बोल्ट चकचकीत राहील, पण अ‍ॅल्युमिनियमशी त्याचं वैर साध्या बोल्टपेक्षा कमी नाही. कोणताही घ्या, आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. ते नसेल तर बोटींचं मरीन ग्रीस. पावसाळ्याआधी आणि चतुर्थी आटोपली की एकदा, दोन्ही बोल्ट थोडे फिरवून परत स्विंगआर्मवरच्या खुणेवर आणा. क्रम असा : अ‍ॅडजस्टर, मग चेनचा सैलपणा बघणं (गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर), मग एक्सल नट, शेवटी लॉकनट. एक्सल नट आवळण्याआधी चेन आणि स्प्रॉकेटमध्ये कापडाची घडी घालून चाक मागे फिरवा, म्हणजे एक्सल ठोकळ्यासकट दोन्ही बोल्टांना टेकतो.