वाळवंटात तुरुतुरु पळणारा पक्षी बघायला बडोद्याहून कुठे जावं?

कार्टूनमधला रोडरनर म्हणत असाल तर तो अमेरिका-मेक्सिकोत, आणि जातीने कोकिळेच्या कुळातला. आपल्याकडचा पळपुटा म्हणजे धाविक. त्याच्यासाठी कच्छचं छोटं रण गाठा. विरमगाम करत दसाडा किंवा बजाणा, बडोद्याहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, जीपवाला ती काढून देतो.

मुक्कामाला मात्र आदल्या रात्रीच पोचा. पहिल्या खेपेला आम्ही दांडिया बाजारातून पहाटे निघालो, वाटेत फाफडा-चहा झाला आणि रणात शिरेतो दहा वाजले. तोवर जमीन तापून हवा अशी थरथरते की दुर्बिणीत धाविक आणि ढेकूळ सारखंच. तरी दोन दिसले. मी कॅमेरा घेऊन उतरलो, ते पळाले. बरं, उडूनही जाईनात! चाळीस पावलं पळायचं, थांबून मान वर करून बघायचं, मी जवळ गेलो की परत पळायचं. घरी आल्यावर सगळे फोटो पाठमोरे.

दुसऱ्या खेपेला जीपवाल्याने आधीच दम दिला, "भाऊ, नीचे ऊतरता नहीं हं!" इंजिन बंद करून बसलो. पंधरा-वीस मिनिटांत एक धाविक आपणहून जीपच्या अंगाला आला. विटकरी छाती, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यातून मागे गेलेली काळी रेघ, तिच्यावर पांढरी भुवई. पळताना पाय दिसतच नाहीत. गचकन थांबतो, पाय जागच्या जागी ठेवून अख्खं अंग पुढे कलंडवतो, किडा टिपतो आणि परत ताठ. पायाला बोटं तीनच, मागचं नाहीच. सपाट जमिनीवर पळायचं तर फांदी पकडणारं बोट हवंय कशाला?

पळणारा पक्षी शोधत बसू नका, थांबलेला शोधा. रंगाने तो मातीत मुरलेला असतो, पण ताठ उभा राहिला की उठून दिसतो.

आणि मार्चपासून पुढे जोडीच्या मागे लागू नका. त्यांची दोन-तीन अंडी उघड्या जमिनीवर असतात. तुम्ही पक्षी उठवलात की ती उन्हात भाजतात.

दुर्बीण ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) पुरते.