कार्डावर काय लिहिलंय, ते आधी वाचा

परदेशात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या नागपूरकर मुलांचे, त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न यंदा बरेच आले. बहुतेक जर्मनीविषयी आहेत, म्हणून उत्तरंही तिथलीच जास्त.

प्रश्न : मुलगा ड्रेस्डेनला मास्टर्स करतोय. राहण्याच्या परवान्याचं कार्ड नुकतंच हातात आलंय. त्याला मित्रांसोबत प्राग, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅम करायचं आहे. दर देशाचा वेगळा व्हिसा लागेल का? उन्हाळ्यात आम्ही दोघंही जाणार आहोत. – एक पालक, धरमपेठ

उत्तर : वेगळा व्हिसा लागत नाही. जर्मनीचं कार्ड आणि मुदतीतला पासपोर्ट, दोन्ही मूळ प्रतीत जवळ असले की बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत राहिलेले दिवस या नव्वदात धरत नाहीत. मोजणी मात्र तासांची नसते, तारखांची असते. शुक्रवारी रात्री साडेअकराला प्रागला उतरला आणि रविवारी सकाळी परत निघाला, तर तीन दिवस खर्ची पडले. १८० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. १ जानेवारीला नवं खातं उघडत नाही. पुष्कळांची गफलत इथेच होते.

मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स दाखवून भागत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. रात्रीची बस सीमेवर थांबते, पोलीस आत चढून सगळ्यांचे कागद बघतात. कार्ड खोलीवर राहिलं असेल तर उतरवतात.

स्वस्त विमानाची आणखी एक खोड सांगून ठेवा. बोर्डिंग पास मोबाइलवर आला तरी काही कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना आधी काउंटरवर कागद दाखवायला लावतात. हातात फक्त पाठपिशवी म्हणून मुलं सरळ सिक्युरिटीकडे जातात आणि गेटवरून परत पाठवली जातात. तेव्हा काउंटर बंद झालेला असतो, आणि तिकिटाचे पैसेही मिळत नाहीत.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथे वेगळा व्हिसा लागतोच. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही. त्यामुळे जर्मन सिमचं फुकट रोमिंग तिथे चालेलच असं नाही. बाझेलला उतरताच डेटा बंद करावा, नाहीतर बिल येतं तेव्हा डोळे पांढरे होतात.

विम्याचंही असंच आहे. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य कार्ड छापलेलं असतं. प्राग, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅमला ते चालतं. पण भारतीय पासपोर्टवाल्याला ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिच्टेनस्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. वर्षभराचा खासगी प्रवास विमा स्वस्तात मिळतो. आल्प्समध्ये ट्रेकला जायचं असेल तर तो हवाच.

तुमचं गणित मुलाहून वेगळं आहे. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाणार, म्हणून तुमच्या नव्वदात जर्मनीतले दिवसही धरले जातील.

प्रश्न : मूळचा मनीषनगरचा, सध्या आखेनला शिकतोय. सुट्टीत स्पेनमधल्या हॉस्टेलवर रोज चार तास काम केलं की राहणं-जेवण फुकट, असं मित्र सांगतो. शिवाय फिरण्याचे व्हिडिओ टाकतो, त्याचे थोडे पैसे यायला लागलेत. चालेल ना?

उत्तर : दोन्ही जसंच्या तसं चालणार नाही. फिरायची परवानगी आणि कामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डामुळे स्पेनमध्ये पाय ठेवता येतो, हात चालवता येत नाही. कामाची मुभा फक्त जर्मनीपुरती असते. पगार हातात न घेता खोली आणि जेवण घेतलं तरी ते मोबदला घेऊन केलेलं कामच ठरतं. ‘आम्ही सगळे असंच करतो’ हे वाक्य पोलिसांपुढे उपयोगाचं नाही.

आता कार्डासोबत मिळालेला हिरवा जोडकागद काढा. पुष्कळ जण तो फाइलमध्ये टाकून विसरतात, पण खरी अट त्याच्यावरच असते. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी हेच आकडे १२० आणि २४० होते, म्हणून जुन्या सीनियरचं ऐकू नका. चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस, त्याहून जास्त झालं की पूर्ण दिवस. विद्यापीठातलं सहायकाचं काम या मोजणीत येत नाही. स्वयंरोजगार मात्र परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. व्हिडिओचं उत्पन्न त्यातच येतं. आधी कार्यालयाला मेल करा, लेखी होकार घ्या आणि मग चॅनेलवरची कमाई सुरू करा. उलट क्रमाने गेलात तर कार्डाच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकेचं स्टेटमेंट बघून तुम्हालाच प्रश्न विचारतील.

प्रवासाच्या खर्चाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. डॉइचलँडटिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे. बऱ्याच विद्यापीठांत ते सेमिस्टरच्या फीमध्येच कमी दरात येतं, तेव्हा पुन्हा विकत घेण्याआधी फीची पावती बघा. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्यांना आणि एस-बान या लोकलला ते चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. सीमेपलीकडे साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत जाता येतं. ते वर्गणीवर असतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, ११ ला आठवण आली की पुढच्या महिन्याचे पैसे गेले.

प्रश्न : मिहानमधली नोकरी सोडून स्टुटगार्टला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) आलेय. कंपनी आठ दिवस ऑस्ट्रियातल्या लिंझला मशीन चालू करून द्यायला पाठवतेय. शेवटी शनिवार-रविवार जोडून फिरायचा विचार आहे. काय सांभाळू?

उत्तर : आधी हे ठरवा की तुम्ही बैठकीला जाताय की कामाला. बैठक, परिषद, करारावरची चर्चा यासाठी ब्लू कार्डवाल्याला युरोपियन युनियनच्या दुसऱ्या सदस्य देशात १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या परवान्याशिवाय जाता येतं. पाना हातात घेऊन ग्राहकाच्या कारखान्यात मशीन बसवणं, चालू करून देणं म्हणजे काम. त्यासाठी कंपनीने बाहेरून कामाला येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या झेडकेओ या यंत्रणेत आधी नोंद करावी लागते, आणि युरोपबाहेरच्या नागरिकासाठी तिथल्या रोजगार कार्यालयाचं पुष्टिपत्रही घ्यावं लागतं. एचआर ‘फक्त बिझनेस ट्रिप आहे’ म्हणाला, तर कामाचं वर्णन लेखी मागा.

दुसरा कागद ए-वन प्रमाणपत्र. तुमची सामाजिक सुरक्षा जर्मनीतच भरली जाते, याचा तो दाखला. अर्ज कंपनीच करते. तुम्ही सरकारी विम्यात असाल तर तो तुमच्या विमा संस्थेकडे ऑनलाइन जातो. निघण्याआधी प्रत मोबाइलवर घ्या. तपासणी दारातच होते, ‘ऑफिसला विचारून सांगते’ म्हणायला वेळ मिळत नाही.

शनिवार-रविवार जरूर जोडा. फक्त कामाच्या तारखा शुक्रवारीच संपलेल्या कागदावर दिसू द्या. कामावरच्या अपघाताचा विमा तुमच्या खासगी भटकंतीला लागू होत नाही.

प्रश्न : एजंट म्हणतो, २५ हजार द्या, ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनच्या ‘काम करा आणि फिरा’ व्हिसाची सोडत लावून देतो. खरं आहे का? – सक्करदरा

उत्तर : सोडत खरी आहे, ‘लावून देतो’ खोटं. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिसात, म्हणजे ४६२ प्रकारात, भारतीयांना वर्षाला १,००० जागा आहेत, वय १८ ते ३०. सोडतीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. नंबर लागला तर बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण आणि सुमारे ५,००० डॉलर दाखवावे लागतात. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत ३,००० जागा आहेत. वय तेच, पदवी लागते आणि दोन वर्षं राहता येतं. तिथे सोडतीत नाव घालायला पैसेच लागत नाहीत. निवड झाली तर २,५३० पौंड सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. खात्यात पैसे आदल्या आठवड्यात उसने आणून भरले की अर्ज इथेच पडतो. संगणक नावं काढतो, एजंटाच्या हातात काही नसतं. स्वतःच, सरकारी संकेतस्थळावर, एकदाच नाव घाला.

प्रश्न : मुलीला संत्रा बर्फी, संत्री आणि सावजी मसाला पाठवायचाय. ती जानेवारीत इथून परत म्युनिकला जातेय. – महाल

उत्तर : मसाला न्या. कोरडा, पाकीटबंद, नाव छापलेला. संत्री नाही. अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरिअन सोडले तर ताज्या फळाला रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, आणि डझनभर संत्र्यांसाठी तो काढत बसायला कुणी तयार नसतं. दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. खव्याची बर्फी त्यात धरली जाण्याचा धोका आहे, घरचं तूप तर नक्कीच जप्त होतं. बर्फी इथेच खाऊन जाऊ द्या.

मसाला घरी कुटलेला असेल तर त्यात खसखस आहे का, ते बघा. ती जर्मनीत चालते, पण अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. दुबई-शारजामार्गे तिकीट असेल तर खसखस न घालता वेगळा मसाला करून द्या.