फेरिक-फेरस जोडीचे विभव नेमके किती?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकातील कोष्टकात फेरिक-फेरस जोडीचे प्रमाण क्षपण विभव +०.७७ व्होल्ट दिले आहे. वैश्लेषिक रसायनाच्या एका ग्रंथात मात्र त्याच जोडीपुढे ०.७० आणि ०.६८ असे आकडे आढळले, तर सायनाइडाच्या सान्निध्यात ०.३६. यांपैकी खरा आकडा कोणता? लोहाच्या डायक्रोमेट अनुमापनात आपण फॉस्फोरिक आम्ल घालतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : चारही आकडे खरे आहेत, कारण ते चार वेगवेगळ्या द्रावणांचे आहेत. क्षपण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या ओढीचे माप, हा लोहाच्या अणूला कायमचा चिकटलेला गुणधर्म नव्हे. एका विशिष्ट द्रावणातील दोन रूपांच्या (येथे तीन धनभारांचे फेरिक आणि दोन धनभारांचे फेरस) जोडीचा तो गुणधर्म आहे. कोष्टकातील ०.७७ हा आकडा एका आदर्श स्थितीचा आहे. तीत दोन्ही आयनांची क्रियता (परिणामकारक संहती) १ मानलेली असते आणि त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंखेरीज दुसरे काही नसते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात अशी स्थिती कधीच नसते.

नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, २५ अंश सेल्सिअस तापमानाला मुक्त फेरिक आयनांचे फेरस आयनांशी असलेले प्रमाण दहापटीने घटले, की या जोडीचे विभव ०.०५९ व्होल्टने उतरते. क्लोराइड आणि सल्फेट हे आयन तीन धनभार असलेल्या फेरिक आयनाला फेरसपेक्षा अधिक घट्ट धरतात, त्यामुळे मुक्त फेरिकचा वाटा घटतो. म्हणून १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विभव ०.७० आणि १ मोलर सल्फ्युरिक आम्लात ०.६८ भरते. परक्लोरेट आयन धातूंच्या आयनांना जवळजवळ बांधतच नाही, तरीही १ मोलर परक्लोरिक आम्लात ०.७३ च्या आसपासच आकडा मिळतो. ही उरलेली घट मुख्यतः दाट आयनी परिसरात क्रियता बदलल्यामुळे येते. द्रावण स्पष्ट सांगून दिलेल्या अशा आकड्याला औपचारिक विभव म्हणतात आणि अनुमापनाचे (ज्ञात द्रावण मोजून घालत पदार्थाचे प्रमाण काढण्याचे) गणित करताना तोच वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायनाइड फेरिक लोहाला फेरसपेक्षा कितीतरी अधिक स्थिर करते, म्हणून तेथे विभव ०.३६ पर्यंत खाली येते. विभव नेहमी उतरतेच, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. फिनॅन्थ्रोलिन या सेंद्रिय संयुगाची पकड फेरसवर अधिक घट्ट असते, त्यामुळे १ मोलर सल्फ्युरिक आम्लात त्या जोडीचे विभव १.०६ वर चढते. धातू तोच, इलेक्ट्रॉनही एकच, आणि तरी दोन आकड्यांत ०.७ व्होल्टचे अंतर!

आता फॉस्फोरिक आम्लाविषयी. डायफिनिलअमाइन हा दर्शक (रंग बदलून अनुमापनाचा शेवट दाखवणारा पदार्थ) ०.७६ व्होल्टच्या सुमारास निळा-जांभळा होतो. केवळ सल्फ्युरिक आम्लात, म्हणजे औपचारिक विभव ०.६८ असताना, ०.७६ ला पोहोचेपर्यंत फेरिक-फेरस प्रमाण सुमारे २३ : १ झालेले असते. याचाच अर्थ शंभरातील चार भाग फेरस शिल्लक असतानाच रंग उमटतो आणि अनुमापन वेळेआधी थांबते. फॉस्फोरिक आम्ल घातल्यावर फॉस्फेट फेरिकला बांधून घेते, विभव ०.६१ पर्यंत उतरते आणि ०.७६ ला ते प्रमाण ३५० : १ च्या घरात जाते, चूक शेकडा ०.३ च्या आसपास राहते. फेरिक क्लोराइडचा पिवळेपणा मावळतो आणि अंतिम बिंदू स्वच्छ दिसतो, हा वरचा लाभ. विद्यार्थ्यांना बहुधा एवढाच लाभ सांगितला जातो, हे खटकते.

अतिशय मोठ्या फरकाचे उदाहरण सोन्याचे आहे. एकसंयुजी सोन्याच्या आयनाचे प्रमाण क्षपण विभव +१.६९ व्होल्ट आहे, म्हणून हवेतील ऑक्सिजन सोन्याला हात लावू शकत नाही. सायनाइड मात्र या आयनाला इतके घट्ट बांधते, की त्या समतोलाचा स्थिरांक १० च्या ३८ व्या घाताच्या पल्ल्याचा आहे. ०.०५९ ला ३८ ने गुणले, तर विभव सुमारे सव्वादोन व्होल्टने खाली येऊन −०.६ च्या जवळ पोहोचते. अल्कधर्मी द्रावणातील ऑक्सिजनचे विभव +०.४० असल्यामुळे तोच ऑक्सिजन आता सोने विरघळवतो. ग्लासगो येथे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये विकसित केलेली सोने काढण्याची पद्धत याच उतारावर उभी आहे.

ज्या अभिक्रियेत हायड्रोजन आयन भाग घेतात तेथे द्रावणाचा सामू (आम्लता दाखवणारा pH) देखील महत्त्वाचा ठरतो. डायक्रोमेटचे विभव सामू शून्य असताना १.३३ असते आणि सामू एका अंकाने वाढला, की ते सुमारे ०.१४ व्होल्टने घटते. म्हणून तेथे आम्ल भरपूर लागते. परमँगनेटच्या आम्लातील १.५१ आणि तीव्र अल्कलीतील ०.५६ या आकड्यांची तुलना जपून करावी, कारण पहिल्यात मँगनस आयन तयार होतो आणि दुसऱ्यात मँगनेट, म्हणजे जोडीच बदलते.

शेवटी आकडे पडताळताना घ्यायची एक काळजी. प्रत्येक आकडा कोणत्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या सापेक्ष आहे, हे पाहावे. कोष्टके हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य मानतात, तर प्रयोगशाळेत बहुधा संपृक्त कॅलोमेल हा पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरतात, ज्याचे विभव +०.२४ आहे. त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्लातील वरच्या जोडीसाठी आपल्या मापकावर ०.७० ऐवजी ०.४६ दिसेल.